गळका स्लॅब आणि अर्धवट सातबारा

नेरळचं घर विकलं त्याला आता वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचं ना कुणाचं कर्जत, वांगणी, खोपोली भागात बंद पडलेलं घर निघतं आणि मला फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विकण्याआधी दुरुस्ती करून घ्यावी का?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. सिमेंटचं एक पोतंही आणू नका, आधी सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. तो नीट वाचा, मग सिमेंटचं बघू.

बाबांनी १९८९ साली नेरळ स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर एका बिनशेती स्कीममध्ये पाच गुंठ्यांचा प्लॉट घेतला. डोंबिवलीच्या नोकरदाराला कर्जत लोकलनं थेट जाता येईल आणि खिशालाही झेपेल अशी जागा तेव्हा त्याच पट्ट्यात होती. वर माथेरान, समोर शेतं, आणि बाबांना लहानपणापासून आवडणारी ती १९०७ सालची छोटी गाडी. १९९२ मध्ये साडेनऊशे फुटांचं स्लॅबचं घर उभं राहिलं. १९९८ मध्ये मागच्या बाजूला एक खोली वाढवली. तिला कुणाची परवानगी घेतली नव्हती. त्या स्कीममध्ये कुणीच घेत नसे.

बाबा २०१४ मध्ये गेले. दादा मेलबर्नला, आई माझ्याकडे डोंबिवलीत. आधी महिन्याला जायचो, मग मे महिन्यात आणि दिवाळीत, मग फक्त घरपट्टी भरायला, मग तीही राहिली. टाळेबंदीत वर्षभराहून जास्त काळ कुलूप उघडलं गेलं नाही. जुलै २०२१ च्या ज्या पावसात महाड बुडालं आणि तळिये गावावर दरड कोसळली, त्याच पावसात आमच्या मागच्या खोलीच्या छताचा मोठा तुकडा खाली आला. खाली कुणी नव्हतं, कारण कुणी जातच नव्हतं.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सपाट गच्चीचं घर असं वाऱ्यावर सोडलं की आधी पन्हाळीचं तोंड पानांनी तुंबतं, गच्चीवर पाणी साचतं आणि ते वाट काढतं. आमच्याकडे त्याच्या जोडीला जुनं दुखणं होतं. त्या काळी बांधकामाला खाडीची रेती यायची आणि ती नीट धुतलेली असेलच असं नसे. रेतीतल्या मिठानं सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगताना खालचं काँक्रीट ढकलून पाडते. स्वयंपाकघराच्या छताला सळयांचा पूर्ण सांगाडा दिसत होता. दारांच्या चौकटींना वाळवी, भिंतींना कमरेपर्यंत ओल, गच्चीच्या कठड्यातून वर आलेला पिंपळ. पिंपळ तोडायला माणूस मिळेना, कुणी हात लावायला तयार नव्हतं.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला नेलं. त्यांनी काँक्रीटची ताकद तपासायची हॅमर टेस्ट केली, चार ठिकाणी प्लास्टर फोडून सळई किती खाल्ली गेली ते मोजलं आणि तीन पानी अहवाल दिला. सगळा स्लॅब उघडा करून सळया घासायच्या, गेलेल्या बदलायच्या, पॉलिमर मॉर्टर लावायचं, चार कॉलमना जॅकेटिंग करायचं, गच्चीला नवं वॉटरप्रूफिंग, वायरिंग आणि नळ नव्यानं. अंदाज सतरा लाख. तेवढ्याच फुटांचं घर नवं बांधलं तर वीस-एकवीस लाख लागतील, असं त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही राहणार असाल तर करा. विकायचं असेल तर माझी फी सोडून दुसरा खर्च करू नका."

दादाचं म्हणणं वेगळं होतं. तिकडे घर विकायला काढताना भाड्यानं सोफे आणून सजवतात म्हणे. त्यानं व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. "निदान रंग तरी मारू या, दोन लाखांत होईल, दिसायला बरं दिसेल." मला ते पटेना. ओल्या भिंतीवर मारलेला रंग एका पावसाळ्यात सुटतो, आणि घ्यायला येणारा माणूस काही आंधळा नसतो. उलट नवा रंग दिसला की तो पहिल्यांदा त्यामागे काय दडवलंय ते शोधतो. आई दोघांचं ऐकून म्हणाली, "रंगाचे पैसे द्यायचेच असतील तर आधी घरपट्टी भरा." विषय तिथे संपला.

आता सातबाऱ्याकडे येते, कारण आमचा बहुतेक वेळ आणि मनस्ताप तिथेच गेला.

उताऱ्यावर बाबांचं नाव होतं. पण ते एकट्याचं नव्हतं. संपूर्ण स्कीमचा एकच सातबारा, त्यावर तीस-पस्तीस प्लॉटधारकांची नावं, प्रत्येकापुढे क्षेत्र. बाबांच्या नावापुढे पाच गुंठे होते, पण ते पाच गुंठे नेमके कुठले, हे त्या कागदावरून कुणालाच कळलं नसतं. बिनशेती आदेश होता, मंजूर लेआउट होता, मोजणीही झालेली होती. मोजणीनंतर भूमी अभिलेख खात्यानं जे कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप, करायचं असतं तेही झालेलं होतं. राहिला होता तो त्याचा अंमल. कजापचा फेरफार गावच्या दप्तरात घालून प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा करायचा, हे शेवटचं काम स्कीम काढणाऱ्यानं केलंच नाही. प्लॉट विकले गेले, त्याचं काम संपलं. पस्तीस वर्षांत कुणाला त्याची गरज पडली नाही, कारण कुणी विकलंच नव्हतं, किंवा ज्यांनी विकलं त्यांना घेणाराही तसाच भेटला होता.

आम्ही विकायला निघालो तोवर तसं चालेनासं झालं होतं. जमिनीचे छोटे तुकडे करून विकायला आडकाठी करणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्यातल्या जमिनीचा व्यवहार आला की तेव्हा दुय्यम निबंधकांकडे बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन मागत. घेणाऱ्याचा वकील स्वतंत्र उतारा मागतो. आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "कजापचा अंमल झाल्याशिवाय जाहिरात करू नका. नाहीतर प्रत्येक गिऱ्हाईक याच दगडाला ठेचकाळणार आणि प्रत्येक जण त्यासाठी पाच लाख कमी करणार."

त्याच्याही आधी वारस नोंद. कायद्यानं तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते, आमची दहा वर्षं राहिली होती. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. घर त्यांच्या कमाईचं, म्हणून हिंदू वारसा कायद्यानं आई, दादा आणि मी असे तीन समान वारस. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, अर्ज ऑनलाइन. तलाठी कार्यालयातून नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. कागदावर हे महिन्याभराचं काम आहे. आमच्या अर्जात बाबांचं नाव "दत्तात्रय" आणि सातबाऱ्यावर "दत्तात्रेय", एवढ्यावर तो परत आला. एकच व्यक्ती असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडून पुन्हा टाकला. मध्येच निवडणुकीची कामं आली. निवडणूक असली की महसूल खात्यात दुसरं काही हलत नाही, हे तिथल्या शिपायानंच मला समजावून सांगितलं आणि पुढच्या वेळी चहाही दिला.

कजापची मूळ प्रत भूमी अभिलेखच्या अभिलेख कक्षातून काढायची होती. तिथे जुने गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले असतात. योग्य गट नंबर, मोजणीचा रजिस्टर नंबर आणि साल सांगता आलं तर प्रत मिळते, नाहीतर "शोध घेतला असता आढळून आले नाही" असं लेखी उत्तर मिळतं. आम्हाला रजिस्टर नंबर सापडला तो बाबांच्या फाइलमध्ये, मोजणी फीच्या १९९१ च्या पावतीवर. बाबा कागद फेकत नसत. आई त्यावरून त्यांना आयुष्यभर बोलली होती. ती पावती बघून तिनं फक्त "हं" केलं.

अंमल झाला, आमच्या प्लॉटचा वेगळा सातबारा तयार झाला आणि त्यावर आमची तिघांची नावं आली, तोपर्यंत २०२४ चा उन्हाळा उजाडला. वकीलबाईंच्या सल्ल्यानं हद्द कायम मोजणीही करून घेतली. भूकरमापक रोव्हर घेऊन आले, उपग्रहाच्या आधारानं खुणा काढल्या, आणि शेजाऱ्याची कुंपणाची भिंत एका बाजूनं आमच्या हद्दीत आल्याचं निघालं. क्षेत्र सुमारे सव्वाशे चौरस फूट. शेजारी वयस्कर, सज्जन. त्यांनाही हे माहीत नव्हतं, भिंत गवंड्यानं दोरी लावून बांधलेली. भांडून भिंत पाडायची की तेवढी जागा सोडून द्यायची? मी सोडून द्यायचं ठरवलं. दिवाणी दावा लावला असता तर त्याच्या निकालापर्यंत उरलेलं घरही पडलं असतं. खरेदीखतात प्रत्यक्ष ताब्यातलं क्षेत्र लिहायचं आणि भाव तेवढ्याचाच धरायचा.

कागद हातात आल्यावर एजंट लोकांना बोलावलं. तेव्हा तिकडच्या प्रत्येक एजंटचं पहिलं वाक्य एकच असायचं, "ताई, पनवेल-कर्जत लोकल सुरू झाली की बघा." दुसरं वाक्य विमानतळाचं. या दोन गोष्टींवर भाव किती वाढणार हे ते तावातावानं सांगायचे, आणि तेच एजंट घेणारा समोर आला की "अजून कशात काही नाही, लोकल कधी येईल ती येईल" असंही तितक्याच तावातावानं सांगायचे. मला त्यांचा राग येत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. दोन टक्के ठरवले आणि तिघांना सांगितलं, जो गिऱ्हाईक आणेल त्याला.

फोटोंवरून मात्र माझा त्यांच्याशी वाद झाला. त्यांना २००५ च्या आसपासचे जुने फोटो हवे होते, जास्वंद फुललेली, व्हरांड्यात झोपाळा. मी पडक्या स्लॅबचे फोटो दिले आणि इंजिनिअरचा अहवालही जोडला. एक जण चिडून म्हणाला, "असं दाखवलंत तर कोण येणार?" कमी लोक आले, हे खरं. पण जे आले ते बघून आले. आणि मी मुद्दाम भर पावसात दाखवलं. जुलैमध्ये तिथे डोंगरावरून धबधबे सुटलेले असतात, रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या असतात, त्यामुळे नुसते सहलीला आलेलेही "बघून जाऊ" म्हणून डोकावतात. त्यांना स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं की डोक्यावर पाणी पडायचं आणि मिनिटाभरात निकाल लागायचा.

पहिला व्यवहार ठरला तो ठाण्याच्या एका जोडप्याशी. त्यांना घर आहे तसं ठेवून दुरुस्त करायचं होतं. बाई व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवरून हात फिरवून आल्या, मला फार बरं वाटलं. विसार घेतला, पावतीत कर्ज मंजूर न झाल्यास विसार परत असं लिहिलं. बँकेचा मूल्यांकनकार आला आणि त्यानं इमारतीचं उरलेलं आयुष्य जवळजवळ शून्य लिहिलं. गृहकर्जाला बँका इमारतीचं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त लागतं असं धरतात. शिवाय मागची खोली मंजूर नकाशात नाही. कर्ज फेटाळलं, आम्ही विसार परत केला. त्या बाई नंतर बरेच दिवस मेसेज करत होत्या.

यानंतर मी मनातून घर वजा केलं. विकायची होती ती जमीन, आणि तिच्यावर एक पाडायची वस्तू होती. तसं म्हटल्यावर हिशेब सोपा झाला. त्या भागात अशा प्लॉटला हजार रुपये फुटाचा भाव चालू होता. पाच गुंठे म्हणजे ५४४५ फूट, त्यातून शेजाऱ्याकडचे सव्वाशे गेले, राहिले ५३२०. म्हणजे ५३ लाख २० हजार. त्यातून पाडकाम आणि डेब्रिज उचलण्याचा खर्च वजा करायचा. घासाघीस आता फक्त त्या शेवटच्या आकड्यावर होणार होती.

एक स्थानिक गुंतवणूकदार आला आणि त्यानं ३८ लाख सांगितले, त्यातले निम्मे रोख. रोखीचं उत्तर सरळ होतं. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड बसू शकतो. पण नुसते ३८ लाख चेकनं दिले असते तरी अडचण होती. रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारच्या दरपत्रकाप्रमाणे, मिळकतीचं मूल्य ४४ लाख निघत होतं. रेडीरेकनर इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा देतो, पण तुमचं छत गळतं की नाही हे त्याला दिसत नाही. आणि विक्रीची किंमत सरकारी मूल्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली गेली तर विकणाऱ्याला सरकारी मूल्यावर कर लागतो, घेणाऱ्यालाही तो फरक उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो. मोडकं घर स्वस्तात द्यायला निघालेल्यांनी एवढं आधी तपासावं. खरंच मूल्य कमी आहे असं म्हणणं असेल तर प्राप्तिकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते, पण त्या वाटेला जायची आमच्यात हौस नव्हती.

शेवटी बदलापूरचे दोन भाऊ आले. त्यांना होमस्टे काढायचा होता, घर पाडणारच होते. मोठ्यानं अहवाल वाचला, धाकट्यानं पिंपळाकडे बघून "हा कोण काढणार?" एवढंच विचारलं. पाडकामाचे सव्वादोन लाख धरून ५१ लाखांवर ठरलं. त्यांच्या वकिलानं मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल काढला, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली.

हरकत आली नाही, पण एक प्रश्न त्यांनीच काढला. आवाराच्या कडेला खोपटात जवळच्या वाडीवरचा आमचा राखणदार वर्षानुवर्षं राहत होता. आम्ही जायचं थांबलो तेव्हा पगारही थांबला होता, तरी त्याच्या शेळ्या आवारात चरायच्या, आंबे-फणस तो उतरवायचा आणि चोर आले तर ओरडायचा. त्याचा कुळ म्हणून किंवा ताब्याचा काही हक्क निघू नये, म्हणून वकिलाला त्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. एजंट म्हणाला, "दोन हजार देऊन अंगठा घ्या." मला ते बरोबर वाटलं नाही. त्यानं राखलं नसतं तर दारं-खिडक्याही राहिल्या नसत्या. राहिलेला पगार आम्ही जुन्या दरानं नाही, आताच्या दरानं मोजला, खात्यात भरला आणि मग कागद वाचून दाखवला. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "सही कुठं करायची दाखवा. पण औंदाचा फणस माझा." नव्या मालकांनी फणसाचं तोंडी मान्य केलं. खोपटातून तो आधीच वाडीवर नव्या घरकुलात गेला होता.

दादामुळे व्यवहाराला वेगळंच शेपूट लागलं. त्याला येता येत नव्हतं, म्हणून तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन त्यानं माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ते केलं. पण खरा घोळ विक्रीच्या नफ्यावरच्या कराचा. आम्ही तिघं एकाच घराचे समान वारस असून आमचा कर सारखा नाही, हे मला सीएनं कागदावर मांडून दाखवेपर्यंत पटलं नव्हतं.

प्रत्येकाचा हिस्सा १७ लाख. घर २००१ च्या आधीचं, म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येतं, फक्त ते त्या दिवसाच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकारानं ते ९ लाख काढलं, म्हणजे हिश्शाला ३ लाख. २३ जुलै २०२४ पासून नियम बदलला. महागाई निर्देशांकाचा फायदा गेला आणि कर साडेबारा टक्के झाला. पण त्या तारखेआधी घेतलेल्या मिळकतीसाठी भारतात राहणाऱ्याला जुनी पद्धत, निर्देशांक लावून वीस टक्के, निवडता येते. निर्देशांक २००१-०२ चा १०० आणि २०२४-२५ चा ३६३. आमचे ३ लाख झाले १०.८९ लाख, नफा ६.११ लाख, कर सव्वा लाखाच्या आत. आईचं पेन्शन तुटपुंजं, त्यामुळे करमुक्त मर्यादेतली तिची उरलेली जागाही वापरता आली आणि तिचा कर आणखी खाली आला. दादा अनिवासी. त्याला ही निवड नाही. त्याचा नफा १४ लाख, कर पावणेदोन लाख, वर उपकर. विक्रीचा खर्च वजा होतो तो इथे धरलेला नाही. हा सगळा हिशेब २०२४-२५ चा आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा कायदाच नवा आहे, तेव्हा आपापल्या सीएला विचारल्याशिवाय माझे आकडे वापरू नका.

घेणाऱ्यांची डोकेदुखी वेगळी. एकूण किंमत ५० लाखांच्या वर, म्हणून आईच्या आणि माझ्या हिश्शातून एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. आधी प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांखाली असला की काही जण कापत नसत. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण रक्कम बघायची हे कायद्यातच स्पष्ट झालं. घेणारे दोन, विकणाऱ्या आम्ही दोघी, प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म. दादाच्या हिश्शाला तर कर कापणाऱ्याचा वेगळा टॅन नंबर काढून उपकरासह तेरा टक्के कापावे लागले, संपूर्ण रकमेवर, म्हणजे २ लाख २१ हजार. आधी अर्ज करून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणता येतं. सीए म्हणाले, "खरा कर निघतो एक लाख ब्याऐंशी हजार. उरलेले एकोणचाळीस हजार रिटर्न भरून परत घ्या. त्यांच्यासाठी दोन-तीन महिने व्यवहार लटकवू नका." बदलापूरचा मोठा भाऊ टॅनवरून थोडा कुरकुरला. त्याला मी सीएचा नंबर दिला. दादाचे पैसे त्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँक खात्यात, गेले, तिथून ते बाहेर न्यायचा कागदी व्याप पुन्हा वेगळा.

रिकामं करताना भंगारवाल्यानं लोखंडी पलंग आणि टाक्या किलोवर नेल्या. सागवानी खिडक्यांना मात्र जुन्या लाकडाचा एक व्यापारी भेटला. वाळवी दारांना लागली होती, खिडक्यांना नाही, आणि त्यानं प्रत्येक पल्ल्यावर नखानं टोकरून भाव केला. घर म्हणून ज्याची किंमत शून्य निघाली होती त्याच्या खिडक्यांचे बावीस हजार आले. आईनं पाटा-वरवंटा मागितला. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर तो चढवताना माझ्या नवऱ्यानं जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही.

नोंदणी फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. मुद्रांक आणि ३० हजारांची नोंदणी फी घेणाऱ्यांनी ई-चलानानं आधीच भरली होती. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, घरपट्टी आणि बिनशेती साऱ्याच्या थकबाकी भरल्याच्या पावत्या, कायमच्या बंद झालेल्या वीजमीटरचं ना-देय पत्र, सगळं फाइलला क्रमानं. खरेदीखतात "मोडकळीस आलेली इमारत जशी आहे तशी" हे शब्द आणि इंजिनिअरच्या अहवालाची तारीख घातली होती. मागच्या बिनपरवानगी खोलीचाही उल्लेख होता. घेणाऱ्यांच्या वकिलाला आधी ते जास्तीचं वाटलं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, लिहिलेल्या गोष्टीवरून नंतर कुणी भांडण काढत नाही.

आईचा अंगठा यंत्राला ओळखता येईना. वय अठ्ठ्याहत्तर, रेषा झिजलेल्या. उजवा, डावा, पुसून, ओला करून, पुन्हा उजवा. मागे रांग. ऑपरेटर मुलगा हुशार होता, "आजी, दुसरं बोट ठेवा" म्हणाला, आणि मधल्या बोटावर काम झालं. आई बाहेर येऊन म्हणाली, "आयुष्यभर भांडी घासली त्या अंगठ्यानं, आता ओळख विचारतात." मग तिला मिसळ खायची होती, म्हणून कर्जत स्टेशनजवळ थांबलो.

मार्चमध्ये फेरफार होऊन त्या दोघा भावांची नावं सातबाऱ्यावर लागली आणि दादाचा परतावा पुढे यथावकाश आला. मध्यंतरी आमच्या शेजारच्या काकांचा फोन आला, त्या भिंतीवाल्या. त्यांनाही आता विकायचं आहे आणि त्यांचा प्लॉट अजून त्या जुन्या सामाईक उताऱ्यावरच आहे. स्कीममधले आणखी सहा-सात जण एकत्र येऊन कजापच्या अंमलासाठी अर्ज करताहेत. मी आमच्या फाइलच्या झेरॉक्स पाठवल्या, मोजणीचा रजिस्टर नंबर दिला आणि बिनशेती आदेशाच्या साक्षांकित प्रती दोन जोडायला सांगितल्या, कारण एक टेबलाटेबलांमध्ये कुठे तरी हरवतेच.